सिकंदराची तालीम आणि तरबियत

सिकंदर हे नाव आपल्या घरांना परके नाही. गावात, मोहल्ल्यात, शाळेच्या हजेरीपटावर एखादा तरी सिकंदर सापडतोच. शर्यत जिंकून आलेल्या मुलाला आपण ‘जो जीता वही सिकंदर’ म्हणून शाबासकी देतो. जुन्या पिढीतील वाचकांना १९४१ साली आलेला सोहराब मोदींचा ‘सिकंदर’ हा बोलपटही ठाऊक असेल. परंतु वाचकहो, ज्याचे नाव आपण इतक्या हौसेने मुलांना ठेवतो, तो सिकंदर लहानाचा मोठा कसा झाला, त्याला कोणी वाढविले, कोणी शिकविले आणि त्या शिकवणुकीचे पुढे काय झाले, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्याच्या लढायांच्या सनावळ्या आपल्याला पाठ असतात. त्याच्या वर्गाची मात्र माहिती नसते. ही स्मरणिका एका शिक्षणसंस्थेची आहे. म्हणून या लेखात लढाया थोडक्यात आणि शाळा सविस्तर, असा क्रम धरला आहे.

प्रथम नावाविषयी. ग्रीक भाषेत त्याचे नाव ‘अलेक्झांड्रॉस’. अरबांनी त्यातील पहिले ‘अल’ हे आपल्या भाषेतील उपपद समजून वेगळे काढले आणि राहिला तो ‘इस्कंदर’, पुढे आपला ‘सिकंदर’. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’त तो आहे, निजामीच्या ‘सिकंदरनामा’त आहे, आपल्या अमीर खुस्रोनेही ‘आईना-ए-सिकंदरी’ लिहिले. कुरआन शरीफातील सूरह कहफमध्ये ज्यांचा उल्लेख आहे ते जुलकरनैन म्हणजे हाच सिकंदर, असे काही मुफस्सिरांचे मत होते. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी मात्र ते इराणचा बादशहा सायरस असावेत असे प्रतिपादन केले. तो प्रश्न उलेमांचा आहे. येथे आपण बोलणार आहोत ते इतिहासातल्या, मॅसिडोनियाच्या सिकंदराविषयी. त्याची हकिकत मुख्यत्वे प्लुटार्क आणि एरियन या दोन लेखकांनी जपून ठेवली आहे. ते दोघेही त्याच्यानंतर चारशेहून अधिक वर्षांनी झाले. पण सिकंदराच्या सोबत्यांनी लिहून ठेवलेली पुस्तके त्यांच्यासमोर होती.

आजीने गिरविलेली अक्षरे

सिकंदराचा जन्म इ. स. पू. ३५६ च्या जुलै महिन्यात पेला या राजधानीत झाला. मॅसिडोनिया म्हणजे आजच्या ग्रीसचा उत्तरेकडील डोंगराळ मुलूख. अथेन्सचे सुशिक्षित लोक या उत्तरेकडच्यांना नाके मुरडीत. आडदांड, दारुबाज, अर्धे रानटी अशी त्यांची संभावना करीत. ‘हे लोक शिकणारे नव्हेत’ हा शिक्का त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला होता.

हा शिक्का पुसण्याची सुरुवात कोठे झाली? ती राजवाड्यातील एका बाईपासून झाली, असे म्हटले तर वावगे होणार नाही. सिकंदराची आजी, म्हणजे फिलिप राजाची आई युरिडिसी. प्लुटार्कच्या नावावर मुलांच्या शिक्षणाविषयी एक छोटा ग्रंथ आहे. त्यात म्हटले आहे की, ही बाई इलिरिया या मागासलेल्या मुलखातली. पण मुले मोठी झाल्यावर, उतारवयाकडे झुकताना, ती लिहायवाचायला शिकली, आणि तेही मुलांच्या शिक्षणाला आपला हातभार लागावा म्हणून. विद्यादेवतांना तिने एक शिलालेख अर्पण केला व त्यात ही गोष्ट अभिमानाने नोंदविली. वाचकहो, जगज्जेत्याच्या कुळकथेतील पहिला विजय हा आहे. तो एका आईने अक्षरावर मिळविलेला होता. ‘आता या वयात काय शिकायचे’ असे म्हणणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे.

तिचा मुलगा फिलिप तरुणपणी थीब्ज शहरात ओलीस म्हणून राहिला. ओलीस राहणे ही नामुष्कीच. परंतु फिलिपने त्या दिवसांत ग्रीकांची युद्धकला आणि राज्यकारभार डोळे उघडे ठेवून पाहिला. इ. स. पू. ३५९ मध्ये राज्य हाती आल्यावर त्याच शिदोरीवर त्याने मोडकळीस आलेले मॅसिडोनिया ग्रीसमधील सर्वांत बलाढ्य राज्य केले. आपल्याला जे अर्धेमुर्धे मिळाले ते मुलाला पुरेपूर मिळावे, ही त्याची इच्छा होती. ही इच्छा राजाची असो वा रिक्षावाल्याची, ती एकाच जातीची असते.

दाई आणि दोन उस्ताद

सिकंदराला ज्या दाईने दूध पाजले तिचे नाव लॅनिके. तिचा भाऊ क्लायटस हा मॅसिडोनियाच्या घोडदळातील नावाजलेला शिपाई. हे नाव लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा यायचे आहे.

आई ऑलिंपियास ही एपिरस येथील राजकन्या, तडफदार आणि मानी. आपले कुळ अकिलीस या पुराणवीरापासून चालत आले आहे, अशी तिच्या माहेरची समजूत होती व तीच मुलाच्या मनावर बिंबली. बाप बहुतेक काळ मोहिमेवर असे. त्यामुळे मुलावर देखरेखीसाठी आईच्या नात्यातील लिओनिदास नावाचे गृहस्थ मुख्य शिक्षक नेमले गेले. हे उस्ताद मोठे कडक. प्लुटार्क सांगतो की, आईने लाडाने मुलाच्या पेटीत काही चैनीची वस्तू किंवा खाऊ दडविला आहे काय, हे पाहण्यासाठी ते त्याच्या अंथरुणाच्या व कपड्यांच्या पेट्या उघडून तपाशीत. पुढे कारियाच्या अदा राणीने प्रेमाने सिकंदराकडे पक्वान्ने आणि आचारी पाठविले, तेव्हा त्याने ते परत केले. माझ्या उस्तादांनी मला याहून चांगले आचारी दिले आहेत, असा त्याचा निरोप होता. सकाळच्या न्याहारीची चव यावी म्हणून रात्रीची पायपीट, आणि रात्रीच्या जेवणाची चव यावी म्हणून सकाळची हलकी न्याहारी, हे ते दोन आचारी!

याच लिओनिदासची आणखी एक आठवण आहे. लहानपणी पूजेच्या वेळी सिकंदराने मूठमूठ ऊद आगीत टाकला. उस्ताद रागावले, ऊद पिकणारा मुलूख जिंकशील तेव्हा असा उधळ, असे त्यांनी सुनावले. मुलगा गप्प बसला. पण इ. स. पू. ३३२ मध्ये उदाच्या व्यापाराचे ठाणे असलेले गाझा शहर जिंकल्यावर त्याने वृद्ध उस्तादांकडे ५०० टॅलेंट ऊद आणि १०० टॅलेंट बोळ पाठवून दिला. टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलोचे वजन. तेव्हा नुसता ऊदच सुमारे १३ हजार किलो झाला! सोबत निरोपही होता की, आता देवांच्या बाबतीत चिक्कूपणा करू नये. या गोष्टीत गुरूचा मान आहे, तसा जुना सलही आहे. मुलाला चारचौघांत बोललेला टोमणा तो वर्षानुवर्षे विसरत नाही, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनी यातून घेण्यासारखे आहे.

दुसरे शिक्षक लायसिमाकस. हे स्वभावाने अगदी उलट. फार विद्वान नव्हते, पण मुलाला गोष्टीत रमवीत. तू अकिलीस, मी त्याचा वृद्ध गुरू फिनिक्स, असा खेळ त्यांनी लावून दिला होता. या प्रेमाची परतफेड कशी झाली पाहा. टायर शहराला वेढा पडला असताना सिकंदर लेबनॉनच्या डोंगरात एका चढाईवर गेला. म्हातारे लायसिमाकस हट्टाने बरोबर निघाले आणि थकून मागे पडले. रात्र, कडाक्याची थंडी, जवळ शत्रूच्या शेकोट्या. सैन्य पुढे गेले, पण सिकंदर गुरूला सोडून हलला नाही. शेवटी त्याने स्वतः धावत जाऊन शत्रूच्या शेकोटीतले जळते लाकूड उचलून आणले आणि गुरूसाठी आग पेटविली. कडक उस्तादांना ऊद मिळाला. मायाळू उस्तादांसाठी मात्र त्याने जीव धोक्यात घातला.

प्रश्न विचारणारा मुलगा

फिलिप घरी नसताना एकदा इराणच्या शहेनशहाचे वकील पेला येथे आले. लहान सिकंदराने त्यांचे आगतस्वागत केले. मुलाने दरबारच्या सोन्यारुप्याची चौकशी करावी अशी कोणाचीही अपेक्षा. पण त्याने विचारले ते रस्त्यांबद्दल. इराणपर्यंतचा प्रवास किती लांबीचा, वाटा कशा आहेत, तुमचा बादशहा लढाईत कसा वागतो, त्याचे बळ किती? वकील थक्क झाले. फिलिपच्या दरबारी अर्ताबाझस नावाचा एक इराणी सरदारही आपल्या कुटुंबासह काही वर्षे आश्रयाला होता. शत्रूच्या देशातील माणसे राक्षस नसतात, आपल्यासारखीच हाडामांसाची असतात, हे सिकंदराने बालपणीच पाहिले. पुढे याच अर्ताबाझसला त्याने मानाने वागविले आणि एका प्रांताची सुभेदारीही दिली.

ब्युसेफॅलस घोड्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. व्यापाऱ्याने १३ टॅलेंट किंमत सांगितलेला हा घोडा कोणाला जवळ येऊ देईना. मुलाने निरखून पाहिले की, घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळविले, हळूहळू चुचकारले आणि अलगद वर मांड टाकली. जेथे मोठ्यांनी जोर लावला तेथे मुलाने निरीक्षण केले. तोच घोडा पुढे थेट आपल्या झेलमच्या काठापर्यंत आला आणि इ. स. पू. ३२६ मध्ये तेथेच मेला. त्याच्या नावाने सिकंदराने एक नगर वसविले.

प्लुटार्क या प्रसंगानंतर लगेच लिहितो ते आईबापांसाठी फार मोलाचे आहे. फिलिपच्या लक्षात आले की, हा मुलगा हुकमाने वाकणारा नाही, परंतु समजावून सांगितले तर रास्त गोष्ट ऐकतो. म्हणून त्याने दटावणे कमी करून समजावणे वाढविले. आणि अशा मुलाला सामान्य शिक्षक पुरणार नाही, हे ओळखून थोर शिक्षकाचा शोध घेतला.

अरस्तूची फी

तो शिक्षक म्हणजे अरस्तू. अरबी परंपरेत त्याला ‘मुअल्लिम-ए-अव्वल’, म्हणजे पहिला गुरू, ही पदवी आहे. ज्याचे नाव मराठीत ‘अफलातून’ या विशेषणाच्या रूपाने आपण रोज घेतो, त्या अफलातूनचा, म्हणजे प्लेटोचा, हा वीस वर्षांचा शिष्य. अरस्तूचे वडील फिलिपच्या वडिलांचे राजवैद्य होते, म्हणजे घराण्याशी जुना संबंध होता.

पण मध्ये एक अडचण होती. अरस्तूचे जन्मगाव स्टॅगिरा हे फिलिपनेच इ. स. पू. ३४८ च्या सुमारास उद्ध्वस्त केले होते. तेथील लोक परागंदा वा गुलाम झाले होते. अशा राजाच्या मुलाला अरस्तूने का शिकवावे? प्लुटार्क सांगतो, फिलिपने फी म्हणून ते गाव पुन्हा वसविले आणि गुलामगिरीत वा निर्वासनात असलेल्या तेथील नागरिकांना परत आणले. वाचकहो, मुलाच्या तालीमीसाठी एका बापाने दिलेली ही फी पाहा. आपण केलेला अन्याय त्याला आपल्या हाताने निस्तरावा लागला. चांगला शिक्षक नुसत्या पैशाने येत नाही; त्याच्यासमोर घराला स्वतःचे वर्तनही सुधारावे लागते.

मिएझाची शाळा

इ. स. पू. ३४३ मध्ये अरस्तू आला, तेव्हा सिकंदर तेरा वर्षांचा होता. फिलिपने शाळेसाठी राजवाडा निवडला नाही. पेलाच्या गजबजाटापासून, दरबाराच्या कारस्थानांपासून आणि आईच्या लाडापासून दूर, मिएझा या गावी जलदेवतांच्या राईत शाळा भरली. दगडी आसने आणि झाडांच्या सावलीतील वाटा, एवढाच सरंजाम. प्लुटार्कच्या काळीही प्रवाशांना ती आसने दाखवीत असत. आज ग्रीसमधील नाऊसा गावाजवळ ही जागा दाखविली जाते.

या शाळेत सिकंदर एकटा नव्हता. सरदारांची मुले राजाच्या देखरेखीखाली एकत्र वाढविण्याची तेथे चाल होती. हेफेस्टियन, टॉलेमी अशा त्याच्या बालसोबत्यांनीही तेथे धडे घेतले असावेत असे मानले जाते. राजपुत्राला खासगी शिकवणी न लावता बरोबरीच्या मुलांत बसविले, हे महत्त्वाचे. पुढे ज्यांच्या भरवशावर तो दहा-अकरा वर्षे परमुलखात वावरला, ते बहुतेक सोबती याच वयात जोडले गेलेले होते.

विषय कोणते? नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र तर होतेच. पण वैद्यकाचीही गोडी अरस्तूने लावली. वैद्याचाच मुलगा तो! पुढे मोहिमेवर सिकंदर आजारी मित्रांना औषध व पथ्य सुचवीत असे. आणि काव्य. होमरच्या ‘इलियड’ची अरस्तूने तपासून दिलेली प्रत तो खंजिराबरोबर उशाशी ठेवून झोपे. इराणच्या दारा बादशहाची रत्नजडित पेटी लुटीत सापडली, तेव्हा यात काय ठेवावे असा प्रश्न निघाला. कोणी काही सुचविले, कोणी काही. सिकंदराने त्यात ते पुस्तक ठेवले. आशियाच्या आतल्या भागात पुस्तके मिळेनात, तेव्हा त्याने हार्पालसकडून ती मागविली. आणि त्याच्यासाठी फिलिस्टसचा इतिहास, एस्किलस, सोफोक्लीस व युरिपिडीस यांची नाटके गेली. रणांगणावर पुस्तकांची मागणी करणारा हा शिपाई होता. बापाने जन्म दिला आणि गुरूने चांगले जगणे शिकविले, म्हणून गुरूवर आपले प्रेम बापाइतकेच आहे, असे तो म्हणे.

ही शाळा चालली फार तर तीन वर्षे. इ. स. पू. ३४० मध्ये फिलिप मोहिमेवर गेला आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती राजमुद्रा आली. अठराव्या वर्षी, इ. स. पू. ३३८ मध्ये, कायरोनियाच्या लढाईत त्याने पराक्रम गाजविला. विसाव्या वर्षी तो राजा झाला. तीन वर्षांचीच शाळा, परंतु मन लावून केलेली.

घरातील तडा

येथवरची कथा ऐकून कोणासही वाटेल की, मुलाला काही कमी नव्हते. पण एक गोष्ट कमी होती. घरात शांतता नव्हती. फिलिपने अनेक विवाह केले होते, आणि इ. स. पू. ३३७ मध्ये क्लिओपात्रा नावाच्या तरुणीशी आणखी एक केला. लग्नाच्या मेजवानीत वधूचा चुलता अट्टालस दारूच्या धुंदीत म्हणाला की, आता राज्याला अस्सल वारस मिळो. सिकंदराने हातातला प्याला त्याच्यावर फेकला. बाप तलवार उपसून मुलावर धावला आणि नशेत अडखळून पडला. मायलेक राज्य सोडून निघून गेले.

समेट घडविला तो डेमॅराटस या कॉरिंथच्या पाहुण्याने. फिलिपने त्याला विचारले, ग्रीक लोकांत आपापसांत एकोपा आहे ना? त्यावर तो निर्भीडपणे म्हणाला की, स्वतःच्या घरात एवढे भांडण माजविणाऱ्याने ग्रीसच्या एकोप्याची चौकशी करावी, हे शोभतेच! फिलिप वरमला आणि मुलाला परत बोलाविले. पण मुलाने मेजवानीत जे पाहिले होते, दारू, राग आणि उपसलेली तलवार, ते त्याच्या आत राहून गेले. अरस्तूचे धडे मिएझाला होते; हा धडा घरातला होता.

समरकंदची रात्र

आता क्लायटसकडे येऊ. इ. स. पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकस नदीवरील पहिल्याच मोठ्या लढाईत एका इराणी सरदाराने सिकंदरावर मागून वार उचलला. क्लायटसने त्या सरदाराचा हातच तोडला आणि राजाचा जीव वाचला. सहा वर्षांनी, इ. स. पू. ३२८ मध्ये, आजच्या उझबेकिस्तानातील समरकंद येथे मेजवानी झाली. दारू पाण्यासारखी वाहिली. खुशमस्करे सिकंदराची स्तुती करून फिलिपला कमी लेखू लागले. क्लायटसला ते साहवले नाही. त्याने राजाला तोंडावर खडे बोल सुनावले. सिकंदराने पहारेकऱ्याचा भाला हिसकावला आणि आपल्या दाईच्या भावाला, आपला जीव वाचविणाऱ्याला, जागच्या जागी ठार केले.

नशा उतरल्यावर तो तीन दिवस अन्नपाण्यावाचून तंबूत पडून होता. एरियन लिहितो की, तो लॅनिकेचे नाव घेऊन रडत होता. जिने आपल्याला दूध पाजले, जिची मुले आपल्यासाठी लढताना मेली, तिच्या भावाला आपण आपल्या हाताने मारले! पुढल्याच वर्षी कॅलिस्थेनीज हा इतिहासकार कटाच्या आरोपाखाली पकडला गेला. हा अरस्तूच्या नात्यातला, त्याच्याच घरी वाढलेला. तो फाशी गेला असे काही म्हणतात, कैदेत मेला असे काही. गुरूच्या घरच्या माणसालाही शिष्याच्या रागातून सुटका मिळाली नाही.

त्याआधी थीब्ज शहर धुळीस मिळाले होते. सहा हजार माणसे मारली गेली आणि तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली. त्या विध्वंसात सिकंदराने पिंडार कवीचे घर तेवढे राखले. कवीचे घर राखावे ही तालीम. पण शहर जाळू नये ही तरबियत. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नव्हे. तालीम म्हणजे ज्ञान, तरबियत म्हणजे वळण. जगातील सर्वांत मोठा शिक्षक मिळूनही राग आणि दारू यांवर ताबा मिळाला नाही, तर ज्ञान उशाशी राहते आणि हात खंजिराकडे जातो. शराबीला आपल्याकडे सर्व वाइटाची आई म्हणतात. समरकंदची ती रात्र त्याची साक्ष आहे.

गुरूच्या पुढे, आणि गुरूच्या मागे

तथापि एका बाबतीत शिष्य गुरूच्या पुढे गेला. अरस्तूचे मत असे होते की, ग्रीकांना आप्तांसारखे वागवावे आणि परक्यांवर धनी होऊन राज्य करावे. सिकंदराने हे ऐकले नाही. दाराच्या आईला त्याने आईसारखे वागविले, इराणी सरदारांना अधिकार दिले, आणि तीस हजार इराणी मुलांना निवडून ग्रीक लिपी व शस्त्रविद्या शिकविण्याची व्यवस्था केली. हेतू राजकीय होता, हे खरे. परंतु परक्याचा मुलगा शिकू शकतो हे त्याने मानले. बालपणी इराणी पाहुण्यांना विचारलेले प्रश्न येथे फळाला आले.

दुसऱ्या बाबतीत मात्र गुरूच पुढे होता. प्लुटार्कने दोघांतील पत्रव्यवहार दिला आहे. अरस्तूने आपली काही गहन शिकवण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, हे कळताच सिकंदराने आशियातून तक्रार केली. जे आम्हांला शिकविले तेच सर्वांना मिळाले, तर आमचे वेगळेपण काय राहिले? अरस्तूने चतुराईने समजूत घातली, पण ग्रंथ मागे घेतले नाहीत.

वाचकहो, ही घटना मला सर्व लढायांपेक्षा मोठी वाटते. शिष्याचे म्हणणे मान्य झाले असते, तर ते ज्ञान एका राजाबरोबर इ. स. पू. ३२३ मध्ये बाबिलोनला संपले असते. बत्तीस वर्षांचा सिकंदर तेथे तापाने मेला आणि त्याचे राज्य सरदारांनी वाटून घेतले. पण अरस्तूचे ग्रंथ वाटल्याने कमी होणारे नव्हते. सिकंदराने वसविलेल्या इस्कंदरियात टॉलेमीच्या घराण्याने थोर ग्रंथालय उभारले. पुढे अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाक आणि त्याच्या मुलाने ग्रीक ग्रंथ अरबीत आणले. अल-फाराबीला त्या अभ्यासामुळे ‘दुसरा गुरू’ म्हणू लागले. कुर्तुबाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) लिहिलेली भाष्ये वाचून युरोपने अरस्तू नव्याने ओळखला. हुनैन ख्रिस्ती, फाराबी मध्य आशियातला, इब्न रुश्द अंदलुसचा. इल्मला धर्माचा वा मुलखाचा कुंपणा नव्हता. ज्या धर्माच्या पहिल्या वहीचा पहिला शब्दच ‘वाच’ असा आहे, त्याच्या अनुयायांनी हे काम केले, यात नवल नाही. नवल वाटावे ते आपण ते विसरलो याचे.

आपल्याकडचे दोन सिकंदर

नुसत्या नावाने काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या जवळची आहेत. अलाउद्दीन खल्जीने १२९६ मध्ये आपल्या देवगिरीवर स्वारी केली आणि तेथील संपत्तीच्या बळावर दिल्लीचे तख्त मिळविले. त्याने नाण्यांवर स्वतःला ‘दुसरा सिकंदर’ म्हणविले आणि जग जिंकण्याच्या गोष्टी बोलू लागला. बरनी हा इतिहासकार सांगतो की, तेव्हा दिल्लीचा कोतवाल अलाउल्मुल्क याने धीर करून विचारले, हुजूर, सिकंदरापाशी अरस्तू होता. आपल्यापाशी तसा वजीर कोठे आहे? अलाउद्दीन लिहायवाचायला शिकलेला नव्हता, असे बरनीच म्हणतो. पण त्याने हा सल्ला ऐकला आणि कोतवालाचा सन्मान केला. न शिकलेल्या बादशहाने शहाण्याचे ऐकले, हेही शिक्षणच.

दुसरा विजापूरचा सिकंदर आदिलशहा. १६७२ मध्ये तो गादीवर आला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. भोवती सरदारांची भांडणे. नाव सिकंदर, पण त्याच्यासाठी मिएझाची राई कोणी शोधली नाही. १६८६ मध्ये औरंगजेबासमोर विजापूर शरण गेले आणि आदिलशाही संपली.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

तर पालक बंधुभगिनींनो, नाव सिकंदर ठेवणे सोपे आहे. त्यापुढचे काम अवघड आहे, पण ते राजालाच परवडते असे नाही. मुलाच्या पेटीत काय आहे ते पाहण्यास पैसे लागत नाहीत. त्याला हुकूम सोडण्याऐवजी समजावून सांगण्यास पैसे लागत नाहीत. शिक्षकाचा मान राखण्यास, घरातील भांडण मुलांसमोर न आणण्यास आणि युरिडिसीप्रमाणे स्वतः अक्षर गिरविण्यास तर मुळीच लागत नाहीत. परीक्षेत पहिला येणारा मुलगा आपल्याला हवा असतो; तो हवाच. परंतु आपला राग गिळू शकणारा, मित्राचे खरे बोलणे ऐकून घेणारा आणि स्वतः शिकलेले दुसऱ्याला देणारा मुलगाही हवा. मुलीच्या बाबतीतही हेच. अक्षर शिकलेली एक आजी घराण्याला कोठे नेऊन ठेवते, हे आपण पाहिलेच.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला मिएझाची राई कदाचित मिळणार नाही. वर्ग लहान असेल, बाके मोडकी असतील, घरी दिवा मंद असेल. पण तेथेही दगडाचीच आसने होती. प्रश्न विचारण्याची सवय तुमची आहे, पुस्तक उशाशी ठेवण्याची हौस तुमची आहे, आणि मागे पडलेल्या उस्तादासाठी किंवा मागे पडलेल्या सोबत्यासाठी थांबण्याचे मनही तुमचेच आहे. सिकंदराचे राज्य त्याच्या मृत्यूनंतर विसकटले. त्या थंडीच्या रात्री गुरूसाठी आणलेल्या जळत्या लाकडाची गोष्ट मात्र आजही टिकून आहे. अल्लाह आपल्या मुलांना तालीम देवो आणि तिच्याबरोबर तरबियतही देवो. आमीन.